अश्वशिक्षण, स्वारीपूर्व

घोड्याच्या पाठीवर स्वार बसण्यापूर्वी किंवा त्याला गाडीस जुंपण्यापूर्वी शिक्षकाने जमिनीवर उभे राहून त्याला दिलेले प्राथमिक शिक्षण. माणसाचा स्पर्श सहन करणे, दोरीच्या हलक्या इशाऱ्याने चालणे, थांबणे व मागे सरणे, पाय उचलू देणे, वर्तुळात फिरणे आणि अपरिचित वस्तू वा आवाज यांनी न बुजणे या गोष्टींचा त्यात समावेश होतो. मराठेशाहीत घोडे तयार करणाऱ्या माणसास चाबुकस्वार म्हणत. या शब्दामुळे शिक्षणाचे मुख्य साधन चाबूकच असावे असा समज होतो. परंतु कुशल शिक्षकाच्या हातातील चाबूक हा पुष्कळदा केवळ लांब केलेला हात असतो, मारण्याचे हत्यार नव्हे.

या शिक्षणाचे मोल ज्यात उघड दिसते असा प्रसंग सोलापूर जिल्ह्यात दरवर्षी आषाढात घडतो. आळंदीहून निघालेल्या ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबर दोन अश्व असतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा अश्व; त्याच्या पाठीवर गादी असते, पण स्वार नसतो. त्यावर स्वतः माउली आरूढ असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरकार यांच्याकडून येतात आणि अंकली ते आळंदी ही वाटही पायीच चालून येतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी पालखी सोहळ्यास आजचे रूप दिले, तेव्हापासून हा मान शितोळे घराण्याकडे आहे. नातेपुते ओलांडल्यावर सदाशिवनगर (पुरंदावडे), पुढे खुडूस फाटा, ठाकूरबुवांची समाधी आणि वाखरीजवळ बाजीरावाची विहीर येथे गोल रिंगण होते. तुकाराममहाराजांच्या पालखीचे रिंगण याच जिल्ह्यात अकलूज येथे भरते. पताका, तुळशीवृंदावने, वीणा, टाळ व मृदंग घेतलेल्या वारकऱ्यांच्या दाट कड्यामध्ये मोकळी ठेवलेली वर्तुळाकार वाट, बाहेर हजारोंचा जमाव आणि त्या वाटेवरून आधी स्वाराचा व मागून माउलींचा अश्व दौडत जातो. दौड संपताच टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी लोक पुढे धावतात. ज्या प्राण्याचा मूळ स्वभावच गर्दी व गलबला यांपासून पळण्याचा, तो अशा ठिकाणी लगाम धरणारा हात पाठीवर नसताना आपली वाट सोडत नाही. यात चूक झाली, तर ती माणसाच्या व घोड्याच्या जिवावर बेतू शकते.

प्रकृती : घोडा हा कळपाने राहणारा, भक्ष्य होऊ शकणारा तृणभक्षक प्राणी आहे. त्याचे संरक्षणाचे साधन शिंग वा सुळा नसून धाव हे होय. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने मान न वळविता त्याला भोवतालचा जवळजवळ सर्व, सु. ३५० अंशांचा, परिसर दिसतो. तथापि अगदी पाठीमागचा आणि कपाळासमोरचा जवळचा भाग त्याला दिसत नाही. म्हणून मागून येणारा किंवा एकदम तोंडासमोर हात नेणारा मनुष्य त्याला आकस्मिक संकटासारखा वाटतो. खांद्याच्या बाजूने, थोडे तिरपे आलेले माणूस त्याला बरे. त्याचे कान वेगवेगळ्या दिशांना वळतात. अंगावर बसलेली माशीही त्याला कळते व तेवढीच कातडी थरथरवून तो ती उडवितो. इतक्या सूक्ष्म स्पर्शाची जाण असलेल्या प्राण्याला हिसडे मारून वा टाचा रोवून समजाविण्याची गरज पडावी, यात दोष बहुधा घोड्याचा नसतो.

माणसाच्या देहाची बारीक हालचालही घोडा टिपतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत गाजलेल्या ‘चतुर हान्स’ या घोड्याच्या प्रकरणात सिद्ध झाले. हा घोडा बेरीज-वजाबाकी करून खुराने जमिनीवर उत्तर आपटून दाखवितो अशी ख्याती होती. ऑस्कर प्फुंगस्ट या संशोधकाने १९०७ मध्ये दाखवून दिले, की त्याला गणित येत नव्हते; बरोबर आकडा येताच प्रश्नकर्त्याच्या चेहऱ्यावर व डोक्याच्या ठेवणीत नकळत होणारा बदल तो ओळखत असे आणि तेथे थांबत असे. प्रश्नकर्त्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसले, की हान्स चुके. या प्रयोगाचा उल्लेख सामान्यतः घोड्याची फजिती म्हणून होतो. अश्वशिक्षकाच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा, की शिक्षकाची अधीरता, भीती वा राग घोड्यापासून लपत नाही.

शिक्षणाचे तत्त्व : घोडा दाबामुळे शिकतो, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः तो दाब सुटल्यामुळे शिकतो. म्होरकीची दोरी हलकेच ताणून धरली असता घोडा प्रथम डोके वर करील, बाजूला ओढील, कदाचित मागे रेटील. शिक्षकाने ताण वाढवू नये आणि सोडूही नये. घोड्याने पुढे एक पाऊल टाकले, किंबहुना पुढे झुकण्याचा विचार केला, त्याच क्षणी दोरी ढिली पडली पाहिजे. त्याला हवे ते येथे मिळते आणि कोणत्या कृतीने ते मिळाले हेही कळते. मानसशास्त्रात यास ऋण प्रबलन म्हणतात. दोरी सुटण्यास दोन-तीन सेकंदांचा जरी विलंब झाला, तरी घोडा त्या सुटकेचा संबंध भलत्याच हालचालीशी जोडतो. पुष्कळ ‘हट्टी’ घोडे असे चुकीच्या क्षणी सोडलेल्या दोरीने घडलेले असतात : घोडा मागे रेटत असताना माणूस दमून दोरी सोडतो आणि रेटणे हेच उत्तर आहे, असा धडा नकळत देतो.

योग्य कृतीनंतर मूठभर चंदी किंवा मानेच्या बुडाशी, अयाळ संपते तेथे, खाजविणे हे धन प्रबलन होय. कळपातील घोडे परस्परांना याच जागी दातांनी खाजवितात. तेथे खाजविल्याने घोड्याचे हृदयस्पंदन मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. मानेवर जोराने थोपटणे हे बक्षीस म्हणून घोड्याला फारसे कळत नाही. ते स्वाराच्या समाधानासाठी असते.

याहून महत्त्वाचा भेद शांतता व निश्चलता यांमधील आहे. पाय जखडून, नाकावर दोरी आवळून किंवा थकेपर्यंत पळवून घोडा निश्चल करता येतो. सुटकेचा कोणताही मार्ग नाही हे उमगल्यावर तो प्रयत्न सोडतो आणि बघणाऱ्यास तो ‘मोडला’, म्हणजे वश झाला, असे वाटते. त्याचे भय मात्र तसेच असते. नवी जागा वा नवा आवाज मिळताच ते उसळून येते. शांत घोड्याची लक्षणे निराळी : मान खाली उतरते, पापण्या लवतात, कान सैल पडतात, ओठ हलतात व दीर्घ श्वास सुटतो. उलट डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, नाकपुड्या ताठरणे, शेपूट दाबून धरणे व स्नायू कठीण होणे ही लक्षणे दिसत असता घोडा उभा राहिला, तरी पाठ पुढे नेऊ नये.

क्रम : शिंगरू सहा महिन्यांचे होऊन आईपासून तुटते, त्या सुमारास हाताळणीस नियमित प्रारंभ करता येतो. स्वारीसाठी ते तीन ते चार वर्षांचे होईपर्यंत थांबणे इष्ट असते, कारण पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण होण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. मधला काळ हा या शिक्षणाचा होय. पाठ १० ते २० मिनिटांचा असावा. दिवसातून एकदा लांबलचक पाठ देण्यापेक्षा दोन लहान पाठ बरे. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही कामे सूर्य वर येण्यापूर्वी उरकावी लागतात. उन्हाने व माशांनी त्रासलेला घोडा काही शिकत नाही.

आरंभी शिक्षक घोड्याकडे जातो आणि घोड्याने मान फिरविण्याआधीच थांबतो वा दोन पावले मागे सरतो. पुढे जाणे व माघार घेणे या आवर्तनातून काही वेळाने घोडाच कुतूहलाने नाक पुढे करतो. हाताचा स्पर्श प्रथम खांद्याला, मग पाठीला, शेवटी कान, पोट व पाय यांना. खराऱ्याचे काम येथे शिक्षणाचेच असते. रोज खरारा करणाऱ्या मोतद्दाराला कोणती जागा दुखते हे इतरांच्या आधी कळते. यानंतर म्होरकी चढविली जाते व बागडोर धरून चालविणे सुरू होते. घोड्याने माणसाच्या खांद्याशी चालावे, दोरी ढिली असावी, माणूस थांबताच थांबावे. हा पाठ साधा दिसतो म्हणून तो घाईने उरकला जातो आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निर्माण होतात. थांबण्याबरोबर मागे सरणे व मागचे पुठ्ठे बाजूला वळविणे शिकवितात. पुठ्ठे वळले, की धावण्याची ताकद सरळ रेषेत लागत नाही. त्यामुळे घाबरलेल्या घोड्यास आवरण्याचा हा सर्वांत सौम्य व भरवशाचा उपाय ठरतो.

पाय उचलण्यास शिकविताना हात खांद्यावरून खाली सरकवीत नेतात. खूर क्षणभर उचलला, की घोड्याने हिसका देण्यापूर्वीच तो खाली ठेवतात. हा अवधी हळूहळू वाढवितात. हा सराव नसलेल्या घोड्याचे पाय नालबंदाला बांधावे लागतात आणि मग तो आयुष्यभर नालबंदाला भितो.

लांब दोरीने घोड्याला शिक्षकाभोवती वर्तुळात फिरविण्यास मराठीत कावा म्हणतात. या शब्दाचा हा अर्थ जुन्या कोशांत नोंदलेला आहे. आज तो ‘गनिमी कावा’ या शब्दप्रयोगातच अधिक परिचित राहिला आहे. काव्यावर घोडा चाल, दुडकी व दौड यांचे शब्दांचे इशारे शिकतो, दोन्ही अंगांना सारखा वळू लागतो आणि अंतरावरून माणसाकडे लक्ष ठेवण्यास सरावतो. मात्र लहान वर्तुळात जास्त वेळ पळविल्याने कोवळ्या सांध्यांवर ताण येतो. घोड्याची रग जिरविण्यासाठी कावा देणे ही सर्रास आढळणारी चूक होय. त्यामुळे घोडा शांत होत नाही, दमतो, व पुढे त्याचा दम तेवढा वाढतो.

यानंतर पाठीवर प्रथम घडी केलेले कापड, मग गादी वा खोगीर ठेवतात. तंग एकदम आवळीत नाहीत. थोडा आवळून घोड्यास चालवितात व पुन्हा आवळतात. टांग्याच्या घोड्यास याखेरीज मागून लांब लगाम धरून चालविण्याचा सराव देतात आणि गाडी जोडण्यापूर्वी मागे ओंडका ओढवून त्या आवाजाची सवय करतात. सोलापूर व पंढरपूर येथे रेल्वे स्थानकावरून यात्रेकरूंना नेणारे टांगे दीर्घकाळ चालत असत. त्या घोड्यांच्या डोळ्यांवरील झापडांमुळे मागचे दिसत नसे, परंतु ऐकू येतच असे.

गर्दी व आवाज यांची सवय : रिंगण, मिरवणूक वा पोलीस बंदोबस्त यांसाठीच्या घोड्याला आवाज व हालचाल यांची सवय पायरीपायरीने करावी लागते. टाळ-मृदंग, हलगी किंवा फडकणारी पताका प्रथम इतक्या अंतरावर ठेवतात, की घोड्याने कान टवकारावे पण चरणे थांबवू नये. तो पुन्हा चरू लागला, की अंतर थोडे कमी करतात. भीती दिसली, तर मागे सरतात. याउलट घोड्यास बांधून त्याच्याभोवती एकदम वाजंत्री सुरू करणे ही पद्धतही रूढ आहे. तिने काही घोडे सरावल्यासारखे दिसतात, काही कायमचे बिघडतात, आणि यांपैकी काय होणार हे आधी सांगता येत नाही. पताका हालविणारा माणूस घोड्याच्या पुढून दूर जात असेल व घोडा तिच्या मागून चालत असेल, तर भय लवकर ओसरते. पळणाऱ्या वस्तूला भिण्याचे घोड्याला कारण नसते.

शांत, वयस्क घोड्याची सोबत हे या कामी मोठे साहाय्य होय. घोडा दुसऱ्या घोड्याच्या वर्तनावरून धोक्याचा अंदाज घेतो. रिंगणात पुढे स्वाराचा अश्व व त्यामागे मोकळा अश्व ही परंपरागत योजना धार्मिक संकेत म्हणून पाळली जाते. अश्ववर्तनाच्या दृष्टीने पाहता मोकळ्या अश्वाला वाट दाखविणारा सोबती मिळतो, हेही तिच्यात साधले आहे. त्यातच आळंदी ते पंढरपूर हे सु. २५० किमी. अंतर दिंड्यांसमवेत रोज थोडे थोडे चालण्यात घोड्यांना टाळमृदंगाचा सराव आपोआप होतो. सोलापूर जिल्ह्यातील रिंगणे ही वाटचालीच्या उत्तरार्धात येतात.

इतिहास : अश्वशिक्षणावरील सर्वांत प्राचीन उपलब्ध लेखन तुर्कस्तानातील बोगाझक्यॉय येथे सापडलेल्या मृत्पट्टिकांवर असून ते मितन्नी देशच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचे आहे (इ. स. पू. चौदावे शतक). रथाच्या घोड्यांना द्यावयाच्या फेऱ्यांसाठी त्यात एक, तीन, पाच, सात व नऊ या संख्यांना ‘वर्तन’ हा शब्द जोडलेली आर्य भाषेतील रूपे येतात, हे भाषाशास्त्रज्ञांना विशेष महत्त्वाचे वाटते. ग्रीक लेखक झेनोफन (इ. स. पू. पाचवे-चौथे शतक) याने घोड्याशी रागाच्या भरात कधीच वागू नये, आणि बळजबरीने करून घेतलेल्या कृतीत समजही नसते व सौंदर्यही नसते, असे मत मांडले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये व घोड्याच्या चालींचे प्रकार सांगितले आहेत. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरूनच मराठीत घोड्यांच्या वैद्यास सालोत्री हा शब्द आला. सोलापूरचा प्रदेश ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, त्यांपैकी तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात ‘वाजिवाह्यालीविनोद’ नावाचे प्रकरण असून त्यात घोड्यांची पारख, त्यांची फिरवणूक व घोड्यांवरून खेळावयाचा चेंडूचा खेळ यांचे वर्णन आहे. कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेस असलेले बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण.

अमेरिकन शिक्षक जॉन सॉलोमन रेरी (१८२७–६६) याने १८५८ मध्ये लंडन येथे क्रूझर नावाचा अतिशय दुष्ट मानलेला घोडा वठणीवर आणून दाखविला. त्याने सौम्यतेचा पुरस्कार केला, तरी त्याच्या पद्धतीत घोड्याचा एक पाय बांधून त्यास आडवे पाडणे होतेच. विसाव्या शतकात टॉम डॉरन्स व रे हंट या अमेरिकन शिक्षकांनी घोड्याच्या बाजूने विचार करणारी पद्धती रूढ केली. गोल कुंपणात घोड्यास मोकळे पळवून, तो आपणहून माणसाकडे येईपर्यंत थांबण्याचा प्रकारही त्यातूनच लोकप्रिय झाला. माणूस कळपाचा नायक बनतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. परंतु माणसाकडे तोंड फिरविताच पाठलाग थांबतो, एवढे साधे कारण त्यास पुरेसे आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

शिंगरू व आई : भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी (दख्खनी) हे काटक, मध्यम चणीचे घोडे एके काळी मराठी फौजेचा कणा होते. आज ते मुख्यत्वे पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील मेंढपाळ धनगरांकडे आढळतात. पावसाळ्यानंतर कळप घेऊन फिरतीवर निघालेल्या वाड्यावर घोड्यांच्या पाठीवर तळाचा संसार, कोकरे व कधी लहान मुलेही असतात. शिंगरू आईच्या अंगाने मोकळे चालते. त्याला वेगळे असे कोणी काही शिकवीत नाही. मेंढ्या, कुत्री, रस्त्यावरील वाहने व माणसांचे हात यांच्यातच ते वाढते आणि पाठीवर ओझे येईपर्यंत भिण्याजोगे थोडेच उरलेले असते. फ्रान्समधील रेन विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. विल्यानंतरचे पहिले पाच दिवस रोज थोडा वेळ घोडीलाच हळुवार खरारा केला व हाताने चारले, शिंगराला मात्र स्पर्श केला नाही. तरीही ती शिंगरे पुढे इतरांपेक्षा माणसांना कमी बुजली आणि हा फरक वर्षभरानंतरही टिकून होता. याउलट नवजात शिंगरास धरून जबरदस्तीने हाताळण्याचे अपेक्षित फायदे नंतरच्या अभ्यासांत फारसे आढळले नाहीत.

सक्तीच्या पद्धती व बाजार : लग्नाच्या वरातीत व जत्रांत वाजंत्रीच्या ठेक्यावर पाय उचलणाऱ्या नाचऱ्या घोड्यांना पश्चिम महाराष्ट्रात मोठी मागणी आहे. ठेक्याला पाऊल जुळविणे हे खुणेने व बक्षिसाने शिकविता येते. त्यास महिने लागतात. थोड्या दिवसांत घोडा तयार करून देण्यासाठी आखूड बांधून पायांवर छडी मारणे किंवा तोंडात काटेरी लगाम घालणे हे मार्ग वापरले जातात. अशा लगामाने ओठ व जीभ फाटते. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये १९६५ मध्ये केलेल्या नियमांनुसार काटेरी लगाम वापरण्यास मनाई आहे, तरीही तो बाजारात विकला जातो.

अकलूज येथे भरणाऱ्या घोडेबाजारात, तसेच सारंगखेडा (जि. नंदुरबार) व माळेगाव (जि. नांदेड) येथील यात्रांत मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडील पांढरे नुकरा इ. घोडे विक्रीस येतात. किंमत ठरते ती उंची, रंग, पंचकल्याणी खुणा आणि अंगावरचे भोवरे पाहून. देवमण असलेल्या घोड्याला जास्त मोल मिळते, अशुभ मानलेल्या भोवऱ्याचा उत्तम घोडाही पडून राहतो. भोवऱ्याचा घोड्याच्या स्वभावाशी असलेला संबंध लोकसमजुतीचा आहे. जाणकार गिऱ्हाईक दौड पाहण्याआधी घोड्याची दोरी स्वतःच्या हाती घेते, त्याला सोबतच्या घोड्यांपासून थोडे दूर चालवून थांबविते, चारही खूर एकेक उचलून बघते, कानामागे हात फिरविते आणि ओठ उघडून दातांबरोबर तोंडाच्या कोपऱ्यातील जुने वण तपासते. विक्रेत्याने घोडा सतत नाचता ठेवला असेल, तर त्याला दहा मिनिटे नुसता उभा ठेवण्यास सांगते.